सहा लिटर पेट्रोल आणि चारशे किलोमीटर

टाटाची कर्व्ह ही विजेवरची गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. तिच्या मोठ्या बॅटरीत ५५ युनिट वीज मावते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावर असतं तेच. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ९ युनिट ऊर्जा मिळते. आता भागाकार करून बघा. गाडीच्या तळाशी बसवलेली ती काहीशे किलोंची बॅटरी काठोकाठ भरली, तरी तिच्यातली ऊर्जा सहा लिटर पेट्रोलापेक्षा जेमतेम जास्त भरते. टाकीत एवढं पेट्रोल उरलं की बऱ्याच गाड्यांमध्ये रिझर्व्हचा दिवा लागतो आणि आपण पंप शोधायला लागतो. ही गाडी मात्र तेवढ्यावर चारशे किलोमीटर जाते.

रेंजच्या, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती जाते याच्या वादात हे नवल हरवून जातं, याची मला हळहळ वाटते. वाद खोटा नाही. याच गाडीच्या रेंजचे तीन आकडे आहेत आणि तिन्ही कंपनीनेच दिलेले आहेत : ५८५ किलोमीटर, ५०२ किलोमीटर, आणि ४०० ते ४२५ किलोमीटर. गाडी एक, बॅटरी एक, आणि पहिल्या-शेवटच्या आकड्यात पुणे-मुंबई अंतराएवढा फरक. मधले १६० ते १८५ किलोमीटर जातात कुठे?

पहिला आकडा कुठून येतो ते आधी पाहू. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या वाहनांच्या चाचण्या करते. रेंजच्या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात, चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. आधी एका सपाट ट्रॅकवर तीच गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडलेली असते. ती किती सेकंदांत किती मंदावते, यावरून हवेचा आणि टायरचा विरोध मोजलेला असतो. तेवढाच विरोध रोलर चाकांना करतो. चालकासमोरच्या पडद्यावर एक रेघ सरकत असते आणि त्याने गाडीचा वेग त्या रेघेबरोबर ठेवायचा असतो.

ती रेघ म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. तिचं मूळ १९७० च्या सुमारास युरोपातल्या शहरी वाहतुकीवरून बेतलेल्या चाचणीत आहे. पहिला भाग असा : अकरा सेकंद गाडी उभी. मग चार सेकंदांत ताशी १५ किलोमीटर. थोडं चालणं, थांबणं. मग बारा सेकंदांत ताशी ३२, पुन्हा थांबणं. मग तब्बल २६ सेकंद घेत ताशी ५०. १९५ सेकंदांचा हा नाच चार वेळा करायचा. सगळं मिळून अंतर चार किलोमीटर, सरासरी वेग ताशी १९ च्या आसपास, आणि जवळजवळ एकतृतीयांश वेळ गाडी उभीच. एसी बंद. चढ नाही, समोरचा वारा नाही, मागच्या सीटवर सामानासकट तीन पाहुणे नाहीत. बॅटरी संपेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

अशा चालण्यात विजेची गाडी आपलं सर्वोत्तम रूप दाखवते. सिग्नलला उभी राहिली की तिची मोटर काहीच खात नाही. पेट्रोलचं इंजिन मात्र उभ्या जागी धडधडत राहतं. वेग कमी करताना तिची मोटरच जनित्र होते आणि गतीतली ऊर्जा पुन्हा विजेच्या रूपात बॅटरीत भरते. ५८५ हा आकडा या पहिल्या भागाचा. चाचणीला ४०० सेकंदांचा दुसरा भागही आहे. त्यात वेग ताशी ९० पर्यंत जातो. दोन्ही भाग धरून आकडा द्यायची पद्धत २०२४ पासून रुळायला लागली. दुसरा भाग मिसळला, आणि ५८५ चे ५०२ झाले. नुसता वेग थोडा वाढवल्याने ८३ किलोमीटर गेले. यामागचं कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

हवा आपल्याला पोकळ वाटते, पण तिला वजन आहे. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा दर्शनी भाग अडीच चौरस मीटरच्या आसपास असतो. अशी गाडी एक किलोमीटर पुढे गेली की तिच्या वाटेत अडीच हजार घनमीटर हवा येते. तिचं वजन तीन टन, म्हणजे खुद्द गाडीच्या दीडपटीहून जास्त. शंभर किलोमीटरच्या प्रवासात तीनशे टन हवा बाजूला सारावी लागते. ती हळू सारली तर फारसं कळत नाही. पण वेग दुप्पट केला की तेवढ्याच अंतरासाठी हवेवर चौपट ऊर्जा खर्च होते. हा हिशेब वर्गाचा आहे, साध्या गुणाकाराचा नाही.

आकड्यांत मांडतो. अशा गाडीला शंभर किलोमीटर जाताना टायरच्या घर्षणापायी साधारण ५ युनिट लागतात, वेग कितीही असो. हवेपायी ताशी ५० ला अडीच युनिट लागतात, १०० ला दहा, आणि १२० ला पंधराच्या घरात. मोटर आणि बाकीच्या यंत्रणेतला थोडा तोटा धरला, तर एकूण खर्च ताशी ५० ला साडेआठ-नऊ युनिट, १०० ला सतरा-अठरा आणि १२० ला तेवीस. आता ५५ युनिटांना यांनी भागा. ताशी ५० च्या संथ चालीत सहाशेच्या वर किलोमीटर निघतात. १०० च्या चालीत तीनशे-सव्वातीनशे. १२० ला अडीचशेच्या खाली. जाहिरातीतला ५८५ पहिल्या गटाचा शेजारी आहे. महामार्गावर तीनशेत गाडी आटोपणारा मालकही खोटं बोलत नाही. दोघांनी वेगवेगळ्या वेगांना वेगवेगळी हवा कापली, एवढंच.

मग पेट्रोलच्या गाडीला हवा लागत नाही का? तेवढीच लागते. गंमत इथेच आहे. त्याच आकाराची, लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला साठ युनिटांएवढं पेट्रोल जाळते. त्यातले बारा-पंधरा युनिट चाकांपर्यंत पोचतात. बाकीचे रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता बनून निघून जातात. एवढ्या मोठ्या गळतीत हवेचे चार-पाच युनिट इकडचे तिकडे झाले तर कुणाला पत्ता लागणार? त्यातून पेट्रोलचं इंजिन जरा ताण पडला की जास्त कार्यक्षम चालतं, म्हणून महामार्गावर त्याचा ॲव्हरेज शहरापेक्षा चांगला येतो. पिढ्यान् पिढ्या आपण हेच पाहत आलो आणि महामार्गावर गाडी कमी खाते हा जणू निसर्गनियम धरून बसलो. तो गाडीचा नियम नव्हताच. उधळ्या इंजिनाचा होता. ज्या घरात महिन्याचा खर्च पैशापैशाने जुळवलेला असतो तिथे दुधाचे दोन रुपये वाढलेलेही जाणवतात, तसं विजेच्या गाडीचं आहे. ती इतकं कमी वाया घालवते की वारा, चढ, ऊन, सगळ्यांचा खर्च वेगवेगळा दिसायला लागतो.

उन्हाचंच घ्या. मे महिन्यात नागपूरला दुपारी एसी ताशी दीड युनिट सहज घेतो. आता हा खर्च वेळेवर चालतो, अंतरावर नाही. ताशी ८० ने शंभर किलोमीटर गेलात तर सव्वा तास लागतो आणि एसीचे दोन युनिट जातात. तेच अंतर ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने काटलंत तर पाच तास आणि साडेसात युनिट. म्हणजे गाडी ओढायला जेवढी वीज लागली, जवळपास तेवढीच ती थंड ठेवायला. वेगात गेलं तर हवा खाते, रेंगाळलं तर एसी.

थंडीचं चित्र याच्या उलट आणि जास्त कठोर आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. तिथली एनएएफ ही वाहनमालकांची संघटना हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर गाड्या थेट बंद पडेपर्यंत चालवते आणि कागदावरच्या रेंजशी ताडून पाहते. घट दरवेळी दिसते. पेट्रोलची गाडी वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच आतली ऊब फुकटात देते. विजेच्या गाडीकडे वाया गेलेली उष्णताच फारशी नसते, म्हणून ऊबही बॅटरीतून विकत घ्यावी लागते. गारठलेल्या बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते.

आपल्याकडे अशी थंडी नाही, पण घाट आहे. मला सगळ्यात जास्त आवडतो तो बोरघाटाचा हिशेब. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता साधारण ५५० मीटर उंच चढतो. माणसांसकट १,८०० किलोंची गाडी तेवढी वर उचलायला २.७ युनिट लागतात. हा नुसता वजन उचलण्याचा खर्च, न्यूटनपासून ठरलेला. त्यात पंधरा किलोमीटरचं घर्षण, हवा आणि यंत्रणेतला तोटा मिळवा, साडेचार युनिट होतात. सपाटीला तेवढ्या अंतराला दीड युनिट पुरलं असतं. वर जाताना पडद्यावरची टक्केवारी डोळ्यांदेखत घसरते आणि नवखा चालक धास्तावतो.

उतरताना उलटा खेळ होतो. उंचीत साठवलेले ते २.७ युनिट परत मिळायला लागतात. त्यातून आधी टायर आणि हवेचा खर्च भागतो, म्हणजे पंधरा किलोमीटरचा प्रवास बॅटरीला हात न लावता होतो. उरल्यातला बराच भाग मोटर वीज करून आत भरते. खोपोलीला पोचताना बॅटरीत लोणावळ्यापेक्षा जवळपास एक युनिट जास्त असतं. चढ आणि उतार यांतला फरक साडेपाच युनिटांचा, म्हणजे बॅटरीच्या दशांशाचा. मुंबईहून पुण्याला येणं आणि पुण्याहून मुंबईला जाणं हे विजेच्या गाडीसाठी दोन वेगळे प्रवास आहेत, किलोमीटर तेवढेच असले तरी.

म्हणून रेंजला एकच आकडा असू शकत नाही, पण ग्राहकाला एकच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवायचा हे मला मुळीच पटत नाही. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची कागदावरची रेंज ३१२ होती. दोनशेही मिळत नाहीत अशी तक्रार झाली आणि मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने त्या गाडीचं अनुदान थांबवलं. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. चाचणी नियमाप्रमाणे झाली होती, आणि तरी विकत घेणारा माणूस फसवल्यासारखा झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. अमेरिकेत यावर साधा तोडगा आहे : प्रयोगशाळेतल्या आकड्याला बहुतेक वेळा सरळ ०.७ ने गुणतात आणि तोच आकडा गाडीवर चिकटवतात. कर्व्हच्या ५८५ ला ०.७ ने गुणून पाहा, ४०९ येतात. कंपनीच्या तिसऱ्या आकड्याला सी-७५ म्हणतात. चारपैकी तीन ग्राहकांना मिळेल अशी ती रेंज, ४०० ते ४२५. ४०९ नेमका त्याच पट्ट्यात पडतो. कंपन्या असा आकडा स्वतःहून छापू लागल्या ही चांगली सुरुवात आहे. माझी मागणी याहून एक पाऊल पुढची आहे. ताशी १०० च्या स्थिर वेगाला, एसी लावून, शंभर किलोमीटरला किती युनिट लागतात, एवढी एक ओळ प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात सक्तीची करावी. गावाला जाणाऱ्या कुटुंबाला तीच लागते.

तोवर हा आकडा आपला आपण काढता येतो. डॅशबोर्डवर उरलेल्या किलोमीटरचा जो अंदाज दिसतो, ज्याला मालकमंडळी डीटीई म्हणतात, तो मागच्या काही किलोमीटरच्या चालीवरून बांधलेला असतो. घाट चढून आल्यावर तो उगाच घाबरवतो, उतरून आल्यावर उगाच फुशारतो. त्याऐवजी ट्रिप मीटर शून्यावर आणावा, महामार्गावर नेहमीच्या वेगाने तासभर जावं आणि शंभर किलोमीटरला किती युनिट गेले ते पाहावं. आणि पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्याला चार्जिंगला थांबलात, तर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज घ्यायला जागा नसते. मग मोटर गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटात मिळालं असतं ते युनिट ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातं.