स्वस्त गिटारमध्ये नेमकं स्वस्त काय असतं?

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात इंडोनेशिया किंवा चीनमध्ये तयार झालेली इलेक्ट्रिक गिटार पंधरा-वीस हजार रुपयांपासून मिळते. हुबेहूब तशीच दिसणारी अमेरिकन गिटार घ्यायची तर दीड-दोन लाख मोजावे लागतात. किमतींमधल्या या दरीत दोन समजुती सुखाने नांदतात. एक म्हणते, स्वस्त गिटार म्हणजे शिकण्यापुरतं खेळणं. खरं वाद्य अमेरिकेचं, नाहीतर निदान जपानचं. दुसरी स्वतःला जास्त हुशार समजते: सगळ्या गिटारी एकाच कारखान्यात बनतात, वरचे पैसे फक्त हेडस्टॉकवरच्या नावाचे. माझ्या मते दोन्ही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. गिटार कुठे बनली आणि कशाची बनली एवढंच त्या पाहतात. तिच्यावर माणसाच्या हाताने किती वेळ काम झालं, आणि जिथे झालं नाही ती उणीव नंतर किती पैशांत भरून निघेल, हे कोणी विचारत नाही. आयात गिटारची किंमत वाजवी की गैरवाजवी, हे मात्र त्याच प्रश्नावर ठरतं.

वाद्य पारखण्याची आपली सवय घडली ती विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवर. मिरजेत तानपुऱ्यासाठी भोपळा निवडून घेतात, लाकूड पारखतात आणि जवारी कारागीर स्वतःच्या कानाने लावतो. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. नाद वाद्याच्या पोटातच घडतो तिथे भोपळा, लाकूड आणि गाव यांना अर्थ आहे. हीच फूटपट्टी इलेक्ट्रिक गिटारला लावली की गोंधळ सुरू होतो. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९५० मध्ये त्यांनी भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली, तेव्हा सपाट फळी कापून बॉडी केली आणि नेक चक्क स्क्रूंनी जोडला, म्हणजे उत्पादन सोपं व्हावं आणि खराब झाला तर नेक बदलता यावा. आज 'अस्सल' म्हणून जिची पूजा होते ती गिटार जन्मापासूनच कारखान्याचा माल आहे. अशी वस्तू पुढे दुसऱ्या देशातल्या कारखान्यात बनली तर तिच्या धर्माला बट्टा लागत नाही. जाता जाता हेही सांगायला हवं की अस्सल गिटार तेव्हाही स्वस्त नव्हती. फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरची ट्रेमोलोसह किंमत २४९.५० डॉलर होती, म्हणजे आजच्या हिशोबाने अडीच हजार डॉलरहून जास्त.

सगळ्यात चिवट गैरसमज लाकडाचा. गिटार स्वस्त आहे कारण तिचं लाकूड हलकं, असं सर्रास ऐकू येतं. बासवुड, पॉप्लर ही नावं त्यासाठी तुच्छतेने घेतली जातात. पण या गिटारचा आवाज बॉडीच्या पोकळीत तयार होत नाही. तारांखालच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते आणि तीच अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठी जपानच्या आयबानेझने १९८७ मध्ये काढलेली जेम ही महागडी गिटार बासवुडचीच होती. गिब्सनच्या १९५८ च्या ईएस-३३५ ची वरची आणि मागची बाजू मेपलच्या थरांची, म्हणजे सरळ सांगायचं तर प्लायवुडची. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी तर लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड बसवून केलेल्या. सिअर्सच्या दुकानांतून त्या स्वस्तात विकल्या जात, आणि पुढे लेड झेपेलिनचे जिमी पेज डॅनइलेक्ट्रोच घेऊन मंचावर उभे राहिले.

यावर अनुभवी वादक आक्षेप घेतील की लाकूड बदललं की फरक जाणवतोच. तो सरसकट खोटा ठरवायचं कारण नाही. तारेची ऊर्जा गिटारच्या अंगात झिरपते, आणि ती किती व कुठे झिरपते यावर सूर किती वेळ टिकतो ते ठरतं. फ्लायशर आणि त्स्विकर या जर्मन संशोधकांनी १९९० च्या दशकात हे मोजून पाहिलं. गिटारवर काही ठिकाणी सूर लवकर विझतो, त्यांना 'डेड स्पॉट' म्हणतात. या जागांचं मूळ संशोधकांना मुख्यतः नेकच्या कंपनांत सापडलं. ब्रिजकडचा भाग तुलनेने स्थिर होता. म्हणजे लाकडाचा मुद्दा खरा असला तरी तो बॉडीच्या जातीपेक्षा नेककडे बोट दाखवतो.

फिंगरबोर्डच्या लाकडाची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. शिसवीसह डाल्बर्जिया वंशातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात कंपन्यांनी पर्यायी लाकडं शोधली आणि स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' दिसू लागलं. ग्राहकांनी नाकं मुरडली. हे लॉरेल म्हणजे सह्याद्रीत जागोजागी दिसणारा ऐन. इमारतीसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं टणक लाकूड. ते आलं ते मुख्यतः कागदपत्रांच्या कटकटीमुळे, आणि खरेदीदाराने मात्र त्यात हलकेपणा वाचला.

मग पैसे वाचतात कुठे? बॉडी आणि नेक कापण्याचं काम आज संगणकावर चालणारी यंत्रं करतात, आणि इंडोनेशियात सुराबायातलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या यंत्राइतकंच नेमकं कापतं. फरक पडतो तो यंत्र थांबल्यावर. फ्रेट बसवल्यानंतर सगळे एका पातळीत घासायचे, त्यांचे माथे पुन्हा गोल करायचे, कडेची टोकं बोटाला टोचणार नाहीत अशी गुळगुळीत करायची, नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा नेमक्या खोलीपर्यंत कोरायच्या. हे सगळं हाताचं, डोळ्याचं आणि वेळखाऊ काम. एखादा फ्रेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा उंच राहिला तरी खाली ठेवलेली तार त्यावर खरखरते. नटच्या खाचा उथळ राहिल्या तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढा लागतो. शिवाय बोटं दुखतात. नवशिक्याला वाटतं आपल्यातच दम नाही. स्वस्त गिटारमध्ये स्वस्त असते ती ही शेवटची मेहनत, आणि म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. महाग गिटारमध्ये तुम्ही बऱ्याच अंशी हा फरक कमी करण्याचे पैसे देता.

काटछाटीची दुसरी जागा म्हणजे धातूचे आणि विजेचे भाग: खुंट्या, ब्रिज, व्हॉल्यूमचे पॉट, स्विच, जॅक. इथली बचत खरी असते, पण हे सगळं बदलता येतं. पिकअपबद्दल मात्र सावध बोलायला हवं. सिरॅमिक चुंबक म्हणजे हलका माल असं मानणाऱ्यांनी डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनकडे पाहावं. १९७० च्या दशकात रॉक गिटारचा आवाज बदलणाऱ्या या पिकअपमध्ये सिरॅमिक चुंबकच आहे. नवी गिटार घेताच पिकअप बदलायला धावणारे लोक बहुतेकदा फ्रेटचा दोष चुंबकाच्या माथी मारत असतात.

देशाच्या नावावरून दर्जा ठरवणाऱ्यांना इतिहास फारसा साथ देत नाही. जपानी गिटारी एकेकाळी नक्कल म्हणून हिणवल्या जात. १९८२ मध्ये फेंडरने मात्सुमोतो इथल्या फुजिजेन कारखान्यात स्क्वायर नावाने गिटारी करून घ्यायला सुरुवात केली. त्याच सुरुवातीच्या स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकली तेव्हा व्यवहारात तिचा अमेरिकेतला, फुलर्टनचा कारखाना नव्हता, आणि काही काळ 'अमेरिकन' कंपनीची भिस्त जपानी उत्पादनावरच राहिली. पुढे कोरियाच्या वाट्याला आधी तीच हेटाळणी आली आणि नंतर तेच कौतुक. आता पाळी इंडोनेशियाची आहे: पीआरएसची एसई मालिका, आजच्या स्क्वायर क्लासिक व्हाइब, यामाहाची पॅसिफिका ११२ या बहुतांशी तिथल्याच. जुन्या जपानी गिटारींना 'लॉसूट' असं वलयांकित नाव लावून विकतात, तोही बराचसा बाजाराचा खेळ. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर दावा लावला खरा, पण तो हेडस्टॉकच्या आकारापुरता होता आणि पुढच्याच वर्षी आपसात मिटला. टोकाई, ग्रेको या इतर जपानी ब्रँडचा त्याच्याशी संबंध नव्हता. दावा झाला म्हणजे नक्कल अस्सलाइतकी सरस असलीच पाहिजे, हा तर्क तर त्याहून लंगडा.

आता दुसरी समजूत, एकाच कारखान्याची. कॉर-टेकसारखी कंपनी अनेक ब्रँडसाठी गिटारी बनवते, हे खरं आहे. पण कारखाना एक म्हणून गिटार एक होत नाही. कोणत्या प्रतीचं लाकूड घ्यायचं, फ्रेटवर किती मिनिटं द्यायची, किती नग बाद करायचे, हे ऑर्डर देणारा ठरवतो आणि त्याचे पैसेही तोच मोजतो. त्याच छताखाली पंधरा हजारांची आणि साठ हजारांची गिटार बनते आणि दोन्ही आपापल्या किमतीला साजेशा असतात. फक्त नावाचेच पैसे घेतले जातात हे साफ खोटं नाही. पण किती, हे तो नग हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

एका आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मेहनत हीच जर खरी किंमत, तर ती कोणाच्या अंगावर कमी केली जाते? याच कॉर-टेकने, म्हणजे कॉर्टने, २००७ च्या सुमारास कोरियातले कारखाने बंद करून कामगारांना काढलं. त्यांचं आंदोलन समेटापर्यंत पोचायला २०१९ उजाडलं. स्वस्ताईत मजुरीच्या दरातल्या फरकाचा वाटा मोठा आहे, आणि तो गिटारच्या आवाजात ऐकू येत नाही. पण या कारणासाठी इंडोनेशियन गिटारला 'निकृष्ट' म्हणणं हा तिथल्या कारागिरांवर दुसरा अन्याय होईल. जुनी गिटार घेणं हा एक सरळ मार्ग आहे. आयात गिटार पहिल्या विक्रीनंतर भाव सोडते. विकणाऱ्याचा हा तोटा घेणाऱ्याचा फायदा ठरतो, आणि फ्रेट घासून नीट केलेला नग मिळण्याची शक्यताही वाढते.

तेव्हा किंमत जोखताना दुरुस्त होणारे आणि न होणारे दोष वेगळे धरावेत. तारांची उंची, इंटोनेशन, नट, खरखरणारा पॉट हे जाणकार कारागिराकडे दोन-तीन हजारांच्या सेटअपमध्ये बहुधा निभावतं; तो खर्च गिटारच्या किमतीतच मिळवून मगच तुलना करा. पिळलेला नेक, काम न करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) किंवा चुकीच्या जागी बसलेला ब्रिज असेल, तर दहा हजारांची गिटारही महाग आहे. आपल्या हवेचाही विचार हवा. कोकणातल्या पावसाळ्यात नेक ओलावा धरून हलतो, विदर्भाच्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात. वर्षातून एक-दोनदा ट्रस रॉड फिरवावा लागला तर तो गिटारचा दोष नव्हे. पंचवीस-तीस हजारांच्या टप्प्यात सरळ नेक आणि स्वच्छ फ्रेट मिळत असतील तर, माझ्या मते, शिकणाऱ्याने आणि हौशी वादकाने त्यापुढे जायचं कारण नाही. दुकानात आधी अ‍ॅम्प बंद ठेवून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, हेडस्टॉककडून नेकवर नजर टाका, कडेवरून बोट फिरवा. आणि पसंत पडली तर गोदामातला बंद खोका घेऊ नका. हाताळलेला तोच नग बांधून मागा.