वेशीबाहेरचा पहारा

कल्पित सृष्टी निर्माण करणारा लेखक बहुधा राजधान्यांच्या आणि रणांगणांच्या वर्णनात रमतो. परंतु त्या सृष्टीवर वाचकाचा विश्वास बसतो तो पुष्कळदा सरहद्दीवरच्या एखाद्या लहानशा गावात, जिथे परका वाटसरू रात्रीच्या मुक्कामाला उतरतो आणि गावकरी त्याला संशयाने न्याहाळतात. ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतील ब्री हे असेच एक गाव होय.

हॉबिट नावाच्या ठेंगण्या, सुखासीन जमातीचा जो शायर नामक प्रांत, त्याच्या पूर्वेस सुमारे चाळीस मैलांवर एका टेकडीच्या कुशीत ब्री वसले आहे. माणसांची शंभरेक दगडी घरे, त्यांच्या वरच्या उतारावर हॉबिटांची वस्ती, सभोवती खोल खंदक व आतल्या अंगास दाट कुंपण, आणि अंधार पडताच बंद होणारी वेस, एवढाच त्याचा विस्तार. स्टॅडल, कूम व आर्चेट ही आसपासची तीन खेडी धरली की मुलूख संपला; त्यापलीकडे चहूकडे ओसाड प्रदेश. कोणा राजाचा अंमल नाही, सुभेदार नाही, सारा वसूल करणारा कारकून नाही. आणि तरीही उंच व ठेंगणे असे दोन्ही प्रकारचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

गावाच्या पश्चिम टोकाला, खंदकाच्या अगदी बाहेर, दोन प्राचीन राजमार्ग एकमेकांना छेदतात. पूर्वपश्चिम मार्गावर तुरळक का होईना, रहदारी आहे. उत्तरदक्षिण मार्गावर मात्र इतके गवत माजले आहे की लोक त्याला ग्रीनवे म्हणूनच ओळखतात. हा मार्ग उत्तरेस ज्या फॉर्नोस्ट नगराकडे जात असे, ते शत्रूच्या हाती पडून आर्नोरचे राज्य लयास गेल्याला हजारांहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि दक्षिणेकडचे थारबाड शहरही महापुरानंतर उजाड झाले आहे. एका साम्राज्याचा अस्त सांगण्यासाठी टोल्किन येथे बखर उघडीत नाहीत. वाटेवरचे गवत दाखवून ते पुढे जातात.

गावाचा प्राण म्हणजे ‘प्रान्सिंग पोनी’ ही तीन मजली खाणावळ. तिचा मालक बार्लिमन बटरबर हा स्थूल, गडबड्या आणि विसराळू गृहस्थ गँडाल्फ या मांत्रिकाने शायरला धाडण्यासाठी सोपविलेले पत्र महिनोन्‌महिने स्वतःजवळच ठेवतो, आणि या क्षुल्लक हलगर्जीपणामुळे कथानायकाचे प्राण संकटात येतात. त्याच खाणावळीच्या एका कोपऱ्यात मळके बूट घातलेला एक उंच, रापलेला माणूस बसलेला असतो. रानोमाळ भटकणाऱ्या या रेंजर लोकांविषयी गावात कुजबूज फार आणि आदर थोडा. त्याला स्ट्रायडर हे टोपणनावही गावानेच दिलेले. वस्तुतः तो नष्ट झालेल्या राजवंशाचा वारस आहे, आणि ज्यांच्या नुसत्या दर्शनाने बटरबरचे काळीज गोठेल असे शत्रू एका दिवसाच्या मजलेवर थोपवून धरण्याचे काम त्याचेच लोक करीत आहेत.

हे उपकार गावाला कळत नाहीत, याला कृतघ्नता म्हणण्याचा मोह होतो. परंतु साध्या लोकांनी भयमुक्त राहावयाचे तर त्यांना भयाची वार्ताही लागू नये, म्हणून आपण गुप्त राहतो, असे स्ट्रायडरच स्पष्ट करतो. म्हणजे गावाचे अज्ञान हेच रक्षकांच्या यशाचे प्रमाण ठरते. मात्र या व्यवस्थेत एक वैगुण्य आहे: रक्षणाची किंमत ज्याला ठाऊक नाही, त्याला रक्षण संपल्याचेही वेळेवर उमगत नाही. पुढे कथेत पेटणाऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने रेंजर दक्षिणेस निघून जातात, दक्षिणेकडून आलेले गुंड व गावातलेच काही फितूर उत्पात मांडतात, आणि नववर्षाच्या प्रारंभी झालेल्या झटापटीत तीन माणसे व दोन हॉबिट असे पाच जण मारले जातात. ज्या गावाने पिढ्यांत असा प्रसंग पाहिला नव्हता, त्याला तेव्हा कुठे रेंजरांची आठवण होते.

पुढे स्ट्रायडर सिंहासनावर बसल्याचे ऐकून बटरबर थक्क होतो. पण राजमार्ग पुन्हा वाहू लागणार या वार्तेने त्याला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटते, कारण गावाची मागणी एकच: आम्हाला आमच्यापुरते राहू द्यावे. ब्रीची ही इच्छा नवा राजा पुरवील, असे आश्वासन गँडाल्फ त्याला देतो. टोल्किन या मागणीला हसत नाहीत, हे त्यांचे औदार्य. पण स्वस्थपणे एकटे राहण्याचा हक्कसुद्धा कोणाच्या तरी जागरणावर उभा असतो, हे सांगावयासही ते विसरत नाहीत. सरहद्दीवरचे गाव कल्पनेतले असो वा नकाशावरचे, तेथली शांतता आपोआप उगवत नाही.