विंचवाचे विष आणि पेशीची दारे

वेळापूरच्या शिवारात रात्री उसाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला दाराचे महत्त्व सांगावयास नको. दार उघडले नाही तर पीक वाळते, वेळेवर बांधले नाही तर वाफा फुटतो. आपल्या शरीराचेही तसेच आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ पटल असते. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युद्भारित कण पाण्यात सुखाने वावरतात, परंतु या तेलकट पटलातून त्यांना जाता येत नाही. म्हणून पटलात प्रथिनांची दारे बसविलेली असतात. एकेका दारातून सेकंदाला लाखो कण जातात. नवल असे की, पोटॅशियमच्या दारातून त्याहून लहान असलेला सोडियम सहसा जात नाही. हे कसे? अरुंद वाटेत शिरताना कणाला भोवतीचे पाणी सोडावे लागते. तेथील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला त्या पाण्याची उणीव भासू देत नाहीत. सोडियम लहान असल्याने त्याला त्यांचा तसा आधार मिळत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली ही रचना उलगडली. २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मज्जातंतूतून संदेश जातो तो याच दारांमुळे. सोडियमचे दार क्षणभर उघडते, कण आत येतात, दार मिटते. मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतो आणि तंतू शांत होतो.

तांबड्या विंचवाचे विष नेमके येथेच घाला घालते. ते सोडियमचे दार वेळेवर मिटू देत नाही आणि पोटॅशियमचे दार अडविते. तंतू संदेश पाठवीतच राहतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते.

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. हे औषध बिघडलेले दार दुरुस्त करीत नाही. परंतु हृदयावरील भार उतरविते. त्यामुळे असंख्य प्राण वाचले. २०११ साली त्यांनीच दाखविले की, सोबत विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर सुधारतो.

म्हणून आम्ही एवढेच सांगू : विंचू चावल्यावर मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसण्याचीही वाट न पाहता, विशेषतः मुलांना, तत्काळ दवाखान्यात न्यावे.