झीलकरी म्हणजे कोण? 'री ओढणे' हा वाक्प्रचार कुठून आला?

हातात डफ घेऊन शाहीर पुढे उभा राहतो. त्याची ओळ संपते न संपते, तोच मागचे दोघे-तिघे 'जी जी रं जी' असा चढा सूर लावतात. या मागच्या गायकांना मराठीत नाव आहे : झीलकरी.

शब्द कसा बनला?

'झील' हे हिंदीतले तळे नव्हे. शाहिराची ओळ संपताना साथीदार वरच्या पट्टीत जो सूर किंवा पालुपद धरतात, ती झील. त्याला 'करी' हा प्रत्यय लागला. टाळ वाजवतो तो टाळकरी, पहारा देतो तो पहारेकरी, तसा झील धरतो तो झीलकरी. तमाशात अशा साथीदारांना 'सुरते' असेही म्हणतात. तुणतुणे आणि मंजिरीही बहुतेकदा त्यांच्याच हातात असते.

त्यांचे काम काय?

पोवाड्यात शाहीर लढाईचा प्रसंग भरभर सांगत जातो. झील सुरू झाली की त्याला दम घ्यायला, पुढचे कडवे आठवायला उसंत मिळते. ताल तुटत नाही आणि श्रोत्यांचा जोशही ओसरत नाही. कीर्तनात हेच काम मागे उभे असलेले टाळकरी करतात.

मग 'कोरस' म्हणजे?

हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचे मूळ ग्रीक 'खोरोस'. प्राचीन ग्रीक नाटकात गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या समूहाला हे नाव होते. सोफोक्लीसच्या शोकांतिकांत त्यात 15 जण असत.

'री ओढणे' कुठून आले?

मुख्य गायकाचा सूर साथीदारांनी पुढे लांबवणे, म्हणजे री ओढणे. पुढे त्याला दुसऱ्याच्या होला हो मिळवण्याचा अर्थ चिकटला. आज तो जवळपास टोमणाच झाला आहे.

गाण्याच्या फडात मात्र री ओढणे हे कसबाचे काम आहे. सूर शाहिराच्या पट्टीतच लागावा लागतो, तोही नेमक्या क्षणी. अफजलखान वधाच्या पोवाड्यामुळे अज्ञानदासाचे नाव साडेतीनशे वर्षांनंतरही घेतले जाते. झीलकऱ्यांची नावे सहसा मागे उरत नाहीत. त्यांच्या कामाची आठवण उरली आहे ती या एका शब्दात.