विजेची गाडी आणि घरचा जमाखर्च

विजेच्या वाहनांविषयीं हल्लीं आमच्या पाटस गांवीं दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पेट्रोलचा भाव २०२१ सालीं लिटरमागें १०० रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हां महागाईच्या तडाख्यांतून सुटण्यास विजेच्या गाडीवांचून दुसरा उपाय नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, ती गाडी घेण्यासच मुळीं इतका पैसा लागतो कीं, तो ज्याच्यापाशीं आहे त्यास पेट्रोलची भीति कशाला? दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे. परंतु पुरा हिशेब मात्र कोणीच मांडीत नाहीं. तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों.

विजेवर चालणें स्वस्त कां पडतें, तें प्रथम पाहूं. एक लिटर पेट्रोल जाळलें असतां सुमारें ९ युनिट विजेइतकी शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. परंतु तिच्यापैकीं चौथा हिस्सादेखील चाकापर्यंत क्वचितच पोंचतो. बाकीची धुराबरोबर व तापलेल्या इंजिनाबरोबर व्यर्थ जाते. विजेच्या मोटरचें तसें नाहीं. बॅटरींतून आलेल्या शक्तीचा बहुतेक भाग चाक फिरविण्याच्याच कामीं येतो. अर्थात् जेथें वीज कोळशापासून होते, तेथें ही नासाडी चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत होतच असते, हें विसरतां कामा नये. तेथें धूर नाहींसा होत नाहीं. तो आपल्या दारापासून दूर जातो इतकेंच.

विजेचा हा गुण आगगाडीवाल्यांस फार पूर्वींच उमगला होता. मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धांवली, आणि १९३० पर्यंत विजेच्या तारा बोरघाट चढून पुण्यास येऊन पोंचल्या. त्याच वर्षीं १ जूनला ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका कडक. वाफेच्या इंजिनांस तेथें कोळसा व वेळ दोन्ही फार लागत. विजेच्या इंजिनांनीं तो चढ सुलभ केला. लोक ज्यांस ‘खेकडा’ म्हणत, तीं मालगाडीचीं इंजिनें तर घाट उतरतांना उलट वीज तयार करून तारांत परत सोडीत.

आतां मौज पाहा. पुण्याहून पाटस कांहीं फार दूर नाहीं. तरी पुण्यास आलेल्या या तारा आमच्या स्टेशनावर यावयास आणखी ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं! याचें कारण शोधूं लागलें म्हणजे विजेच्या वाहनाचें सारें अर्थशास्त्र हातीं येतें. खांब, तारा, वीजघरें व इंजिनें यांस आरंभींच मोठें भांडवल लागतें. पुढें मात्र चालविण्याचा खर्च थोडा येतो. तें भांडवल वसूल होण्यास एक तर चढ कडक हवा, नाहीं तर रहदारी दाट हवी. पुण्याच्या पूर्वेस भूमि सपाट. तेथें प्रथम वाफेच्या व पुढें डिझेलच्या इंजिनावर काम भागत होतें. म्हणून येथें तारा उशिरा आल्या.

हाच नियम अंगणांतल्या स्कूटरलाही लागू आहे. सोयीसाठीं पूर्णांक घेऊं. पेट्रोल १०० रुपये लिटर, स्कूटर लिटरमागें ५० किलोमीटर जाते. वीज १० रुपये युनिट, विजेची स्कूटर युनिटमागें २५ किलोमीटर जाते. आणि विजेच्या स्कूटरला ४३,००० रुपये अधिक पडतात, असें धरूं. कोणी पाटसहून कामासाठीं रोज ये-जा मिळून ३० किलोमीटर जात असेल, तर त्यास पेट्रोलचे ६० रुपये व विजेचे १२ रुपये लागतील. रोज ४८ रुपये वांचले. ३०० दिवसांचे १४,४०० झाले. म्हणजे सुमारें तीन वर्षांत अधिक दिलेला पैसा फिटला. परंतु ज्याचें जाणें बाजारापर्यंत रोज ५ किलोमीटरच, त्याचे वर्षाकाठीं २,४०० रुपयेच वांचतात. त्यास सुमारें अठरा वर्षें लागतील, आणि तोंपर्यंत बॅटरी टिकण्याची आशा करणें व्यर्थ होय!

यांत आणखी दोन बाबी मिळवाव्यात. गाडी हप्त्यानें घेतली तर व्याज धरावें. तसेंच घरगुती विजेच्या दरास पायऱ्या आहेत. १०० युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढील युनिटांस अधिक. घरचा वापर शंभराच्या कांठावर असेल, तर गाडीचे युनिट वरच्या पायरीवर जाऊन बसतात.

मग विजेचा खरा लाभ कोठें? जेथें एक गाडी दिवसभर धांवते व पुष्कळांस वाहून नेते तेथें. एस. टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, या मार्गावर सुटली. आणि १ जून २०२२ रोजीं ‘शिवाई’ ही विजेची पहिली बस त्याच मार्गावर सुटली. अशा गाडीचें भांडवल मोठें खरें, परंतु तें हजारों उतारूंत वांटलें जातें. आगगाडीचेंही तसेंच. गरिबाच्या खिशास परवडणारी विजेची गाडी बहुधा ही सर्वांचीच गाडी असते. म्हणून आमच्या मतें गांवकऱ्यांनीं वेळेवर येणाऱ्या बसचा व आगगाडीचा आग्रह प्रथम धरावा.

शेवटीं एक गोष्ट पालकांच्या विचारार्थ. आधुनिक राहणी महाग झाली ती केवळ भाव वाढले म्हणून नव्हे. काल जी चैन होती, ती आज गरज होऊन बसली आहे. स्वस्त पडते म्हणून चार फेऱ्या अधिक मारल्या, किंवा शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपणही हप्ता अंगावर घेतला, तर वांचलेले ४८ रुपये मुलांच्या फीपर्यंत पोंचतच नाहींत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण विजेच्या युगांतही जुनी झालेली नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, एक काम करा. घरांतील वाहन महिनाभर रोज किती किलोमीटर चालतें तें वहींत टिपून ठेवा, विजेचें बिल जवळ घ्या, आणि वर दिलेलें गणित स्वतःच्या घरच्या आंकड्यांनीं करून वडिलांस दाखवा. गाडी घ्यावी कीं न घ्यावी, याचें उत्तर त्या वहींत मिळेल.