दुसऱ्याचे हृदय, आपल्या घरचा होकार

निकामी झालेले हृदय काढून दुसऱ्याचे बसवता येते, हे आता सर्वांच्या कानावर आहे. पण खंडाळा-लोणावळ्याच्या वस्त्यांत आम्ही आरोग्याविषयी बोलायला बसतो, तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. हे आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांना परवडेल काय? आणि आपल्या माणसाचे हृदय दिले तर देहाची विटंबना होत नाही ना?

परळपासून सुरुवात

जगातले पहिले हृदयरोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत 3 डिसेंबर 1967 रोजी केले. त्यानंतर अडीच महिन्यांत, 16 फेब्रुवारी 1968 रोजी, आपल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. गिरणी कामगार जिथे केसपेपर काढून रांगेत बसत, त्याच महापालिकेच्या दवाखान्यात! रुग्ण काही तासांतच दगावला. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून लागणारी प्रभावी औषधे तेव्हा नव्हती आणि मेंदूमृत्यूचा कायदाही नव्हता.

कायदा 1994 साली झाला. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मुंबईला मात्र 2015 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी 3 ऑगस्टला पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून विमानाने आलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने एका तरुणाला बसवले. आणि जुलै 2024 मध्ये के.ई.एम.मध्ये पुन्हा हृदयरोपण झाले, 56 वर्षांनी!

कोणाला लागते?

दम लागणे, पायांवर सूज, उताणे झोपल्यावर जीव घुसमटणे, दोन-चार दिवसांत वजन वाढणे ही हृदय कमजोर झाल्याची लक्षणे असू शकतात. पुष्कळ रुग्ण नियमित गोळ्या, मीठ कमी आणि वेळच्या वेळी तपासणी यांवर वर्षानुवर्षे काढतात. सर्व उपाय थकल्यावरच रोपणाचा विचार होतो. म्हणून रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. दारू-तंबाखू सोडावी. लहान मुलाचा घसा दुखून ताप आला व पुढे सांधे सुजले, तर दवाखाना टाळू नये. त्या आजाराने हृदयाच्या झडपा खराब होतात.

चार तासांचा हिशेब

काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत सुरू व्हावे लागते. त्यात प्रवासही आला. पुणे ते मुंबई रस्त्याने जायचे तर आपला खंडाळा घाट आडवा येतो. वाहनांची कोंडी किंवा पावसाळ्यात दरड, एवढे पुरे. म्हणून पोलीस रस्ता मोकळा करून देतात, नाहीतर विमान करावे लागते. घाटात अशी रुग्णवाहिका मागून आली, तर गाडी बाजूला घेणे हेही दानच आहे.

होकार कोणी द्यायचा?

अपघातात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचे काम कायमचे थांबते, तरी यंत्राच्या श्वासावर हृदय काही काळ धडधडत राहते. हाच मेंदूमृत्यू. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत मात्र परत येत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे लिहून देते. त्यानंतरच नातेवाइकांना विचारतात. माणसाने जिवंतपणी कार्ड भरलेले असले, तरी शेवटी घरच्यांची सही लागते. अवयव काढल्यावर देह व्यवस्थित शिवून सन्मानाने ताब्यात मिळतो. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. अवयवाची खरेदी-विक्री मात्र गुन्हा आहे.

हृदय जुळवताना रक्तगट आणि शरीराचा आकार पाहतात. जात, धर्म नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावर शिवू दिले नाही, त्याने हे ध्यानात ठेवावे.

पैशाचे काय?

खाजगी रुग्णालयात हा खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. पुढे जन्मभर औषधे असतात, आणि ती एक दिवसही चुकवून चालत नाही. ती नीट घेतली तर निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपेक्षा जास्त जगतात, असे जगातल्या नोंदी सांगतात. ऐपत नसलेल्यांनी रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याला आधी भेटावे. मुख्यमंत्री सहायता निधी व धर्मादाय योजनेचे अर्ज तिथे समजतात. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा.

पण खरा उपाय सार्वजनिक रुग्णालयांत हे काम वाढण्याचा आहे. अपघातात मरणारा मजूर हृदय देऊ शकतो, तर मजुराच्या मुलाला ते मिळालेही पाहिजे. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि तोपर्यंत एक काम आजच करावे : रात्री जेवताना घरच्यांशी या विषयावर बोलून ठेवावे. दवाखान्याच्या दारात रडत असताना तो विचार सुचत नाही.