शाळेच्या वर्गातील अंडी उबवणी

पुणे-नगर मार्गावरील वाघोली हे हवेली तालुक्यातील गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. घरामागे चार-दोन कोंबड्या पाळण्याची चाल जेथे होती, तेथे खुडूक कोंबडीला पाटीत भुसा घालून अंड्यांवर बसविलेले मुले सहज पाहत असत. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की हा पाठ घरी मिळेनासा होतो. मुलांना ठाऊक असते ते दुकानातील अंडे. या अंड्यातून पिल्लू का निघत नाही, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर विज्ञानाच्या एका उत्तम पाठास तेथूनच आरंभ करता येईल.

दुकानातील अंडी बहुधा नराशिवाय पाळलेल्या कोंबड्यांची असतात. ती फलित नसल्याने कितीही ऊब दिली तरी त्यांत गर्भ वाढत नाही. उबवणीसाठी फलित अंडीच मिळवावयास हवीत. ज्याच्या कळपात नर आहे अशा शेतकऱ्याकडून किंवा विश्वासू उबवणी केंद्राकडून ती घ्यावीत. खडकी येथे राज्य शासनाच्या पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथे आगाऊ चौकशी करणे इष्ट होय. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो व छिद्रांवाटे जंतू आत शिरतात. तडा गेलेली, फार लहान वा वेडीवाकडी अंडी वगळावीत.

पुणे जिल्ह्यातच अशा शिक्षणाचा पाया घातला गेला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, हे त्यांचे सूत्र. तेथून शाळांत पोचलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य यांच्या जोडीला शेती व पशुपालन यांनाही स्थान आहे. अंडी उबवणीत तर हे सर्व विषय एकत्र येतात.

यंत्र व त्याची निगा

बारा अंड्यांसाठी थर्माकोलची पेटी, विजेचा दिवा, उष्णता-नियंत्रक, तापमापक, आर्द्रतामापक व पाण्याची वाटी एवढे साहित्य पुरते. हवा खेळती राहण्यासाठी पेटीस लहान छिद्रे ठेवावीत. दिव्याचा स्पर्श थर्माकोलला होता कामा नये. विजेची जोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी. तापमापक अंड्यांच्या उंचीवर ठेवून ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस उष्णता राखावी. अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र एक दिवस रिकामे चालवून पाहावे. आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी.

वीज गेल्यास घाबरून झाकण उघडू नये. पेटीवर घोंगडी पांघरावी, मात्र दिवा पुन्हा लागण्यापूर्वी ती काढावी. थोडा वेळ आलेला गारवा गर्भ बहुधा सोसतो, पण ४० अंशांच्या पुढील उष्णता त्यास घातक ठरू शकते.

दिवसांचा हिशेब

कोंबडीच्या अंड्यास उबण्यास २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे लागतात. म्हणून अंडी गुरुवारी ठेवावीत. सातव्या व चौदाव्या दिवसाची तपासणी गुरुवारीच येते, अठरावा दिवस सोमवारी येतो आणि पिल्ले त्यापुढील गुरुवारच्या सुमारास बाहेर पडतात. मध्ये येणाऱ्या तीन रविवारी अंडी कोण फिरवील, हे मात्र आधीच ठरवावे. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावयाची असतात. न फिरविल्यास गर्भ कवचाच्या आतील पडद्यास चिकटतो. एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढल्यास चूक होत नाही. अठराव्या दिवसानंतर फिरविणे थांबवावे.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने उबविलेली अंडी दिवसागणिक फोडून गर्भाची वाढ पाहिली. शाळेस तसे करण्याचे कारण नाही. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकास विजेरी लावली की सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. काहीच न दिसणारी, स्वच्छ अंडी बहुधा अफलित समजावीत व काढून टाकावीत. अंड्यांचे वजनही नोंदवावे. पाणी उडून गेल्याने अठरा दिवसांत ते १२ ते १३ टक्क्यांनी घटते. ५० ग्रॅमचे अंडे सुमारे ६ ग्रॅमने हलके होते. घट कमी दिसल्यास आर्द्रता जास्त आहे असे समजावे. गणिताचा यापरता उत्तम उपयोग कोणता?

पिल्लू बाहेर येताना

कवचास पहिली चीर पडल्यापासून पिल्लू मोकळे होईपर्यंत कित्येक तास जातात. धडपडणारे पिल्लू पाहून कवच सोलण्याचा मोह मुलांना होतो. शिक्षकांनी त्यांस आवरावे. आतील पडद्यात अद्याप रक्त वाहत असते व पिवळा बलक पिल्लाच्या पोटात पुरता शोषला जावयाचा असतो. हात लावल्यास रक्तस्राव होऊन पिल्लू दगावण्याचा संभव असतो. त्या शोषलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरते. म्हणून ते सुकून फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे. काही अंडी उबणारच नाहीत, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे.

पुढची जबाबदारी

पिल्ले कोणाकडे जाणार हे ठरल्याखेरीज अंडी यंत्रात ठेवू नयेत. पिल्लांत साधारणतः निम्मे नर निघतात. ते पाळणारा कोणी नसेल तर प्रयोगाचा शेवट क्रूर होतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, तुसाची कोरडी गादी, उथळ भांड्यात स्वच्छ पाणी व पिल्लांचे खाद्य हवे. मरेक व मानमोडी या रोगांवरील लसींविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पिल्लांस वा अंड्यांस हात लावल्यावर प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत.

उबवणीच्या नोंदवहीत उष्णता, वजने व दिवस लिहिले जातील. परंतु आपण सुरू केलेल्या जिवाची काळजी शेवटपर्यंत आपणच वाहावयाची असते, ही गोष्ट मुले त्याबरोबरच शिकतील. कोंबडी पाळणाऱ्यास ती सांगावी लागत नाही. वाघोलीसारख्या शहर होत चाललेल्या गावातील शाळांनी जवळच्या पशुपालकास सोबत घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा.